मास्टरशेफ इंडिया, पर्व ७ : माशाऐवजी पनीर दिलेलं तुम्हाला पटलं का?

रानजाई

शुक्रवारी, ३१ मार्च २०२३ ला, मास्टरशेफ इंडिया या टीव्हीवरच्या स्वयंपाकस्पर्धेचं सातवं पर्व संपलं. आसामचा नयनज्योती सैकिया जिंकला, २५ लाख रुपये आणि सोनेरी कोट घेऊन घरी गेला. दुसरी आली आसामचीच सांता सर्मा आणि तिसरी आपली सुवर्णा बागुल. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. नयनज्योतीचा हात वेगळाच आहे, ते सुरुवातीपासून दिसत होतं.

माझ्या मनात सलतंय ते दुसरंच. मधल्या एका भागात बाकीच्यांच्या पुढ्यात मासा आला आणि अरुणा विजय यांच्या पुढ्यात पनीर. अरुणा जैन आहेत, मांस-मासे-अंडी हाताळत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे, आणि त्यांच्या नावानं सोशल मीडियावर जी चिखलफेक झाली ती तर अजिबात आवडली नाही. पण परीक्षा एकच असेल तर प्रश्नपत्रिका दोन कशा?

मासा एक मिनिट जास्त राहिला की कोरडा, एक मिनिट आधी काढला की मधे कच्चा. पनीरचं काय? ते कच्चंसुद्धा खाता येतं. म्हणजे बाकीच्यांना जी धाकधूक होती, ती एका स्पर्धकाच्या वाट्याला आलीच नाही. तो दिवस परीक्षकांनी कितीही प्रामाणिकपणे तोलला तरी तराजूच्या दोन पारड्यांत दोन वेगळी मापं होती.

मी स्वतः शाकाहारी आहे. जन्मात मासा हातात धरलेला नाही. म्हणूनच म्हणते, मी त्या स्पर्धेत जाणार नाही, किंवा गेले तर त्या दिवशी शून्य गुण घेईन. सासूबाईंना हे मुळीच मान्य नाही. दोन महिने आमचा वाद चाललाय. तुमचं मत सांगा.

कोकमसार

शंभर टक्के सहमत. मी मालवणची. आमच्याकडे मुलीला मासे करता येतात का, हे विचारण्याआधी मासे साफ करता येतात का, ते विचारायचे. बोंबील हातात धरला तरी मोडतो. बांगड्याला चिरा नीट पडल्या नाहीत तर मीठ-मसाला आत जात नाही. सुरमईची तुकडी तव्यावर टाकल्यावर ती आपली आपण सुटेपर्यंत हात लावायचा नाही, हे कळायला वर्षं जातात. हे सगळं कसब त्या दिवशी तपासलं जात होतं. ज्यांनी ते केलं त्यांना त्याचं श्रेय मिळायला हवं होतं, आणि ते पुरतं मिळालं असं मला तरी वाटलं नाही.

उंधियू

अजिबात पटलं नाही. मी मुंबईची, माहेर गुजराती, सासर मराठी. हा कार्यक्रम इथला आहे आणि इथल्या कितीतरी घरांत मांसाहार शिवायचाही नसतो. त्या घरांतल्या बायकांनी जन्मभर चूल सांभाळली, त्यांना ‘तुम्ही बाहेर बसा’ म्हणायचं?

२०१५ चं चौथं पर्व आठवतंय का? ते संपूर्ण शाकाहारी होतं. निकिता गांधी जिंकली. संजीव कपूर, विकास खन्ना, रणवीर ब्रार परीक्षक होते. तेव्हा मासा नाही म्हणून स्पर्धेची किंमत कमी झाली असं कुणी म्हणालं नाही. म्हणजे मासा हे काही स्वयंपाकाचं अंतिम माप नाही.

आणि जैन स्वयंपाकी रोज किती अडथळे पार करते ते बघा. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही. बाकीच्यांच्या फोडणीचा पायाच तिच्याकडे नसतो.

कोकमसार

उंधियू, चौथ्या पर्वात सगळेच शाकाहारी पदार्थ करत होते. हाच तर रानजाईंचा मुद्दा आहे. सर्वांना पनीर द्या, माझं काही म्हणणं नाही.

पाटावरवंटा

मी नाशिकला केटरिंग करतो, बावीस वर्षं झाली. लग्नाच्या ऑर्डरमध्ये जैन काउंटर वेगळं लागतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कांदा-लसणाशिवाय रस्सा दाट करणं ही वेगळी विद्या आहे. कांदा भाजला की गोडवा, रंग आणि दाटपणा तिन्ही एका झटक्यात मिळतात. तो काढून घेतला की तिन्हींची सोय वेगवेगळी करावी लागते. दाटपणासाठी काजू आणि मगज बी, रंगासाठी टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, वासासाठी हिंग, आणि तोसुद्धा तेलात नेमक्या क्षणी. करपला की सगळी कढई गेली. ओलं आलंही कडक पाळणाऱ्यांना चालत नाही, तिथे सुंठ. पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालतो, पण केळं जास्त शिजलं की चिकट होतं आणि गार झाल्यावर भाजी गोळा होऊन बसते. माझ्याकडे नवीन आलेला आचारी नेहमीची पनीर ग्रेव्ही डोळे मिटून करतो, जैन ग्रेव्हीला मात्र पहिले सहा महिने मी त्याला एकटा सोडत नाही.

त्यामुळे अरुणाबाईंना सवलत मिळाली असं सरसकट म्हणू नका. एका दिवशी मासा टळला असेल, पण बाकी प्रत्येक दिवशी त्या अर्ध्या भांडारावर स्वयंपाक करत होत्या.

तरीही त्या एका भागापुरतं रानजाईंचं बरोबर आहे. पनीर ही फार सोपी अदलाबदल झाली. तव्यावर जरा जास्त वेळ राहिलं तर चिवट होतं एवढंच, आणि तेही गरम पाण्यात टाकून ठेवलं की बऱ्यापैकी सावरतं. कोरडा पडलेला मासा सावरत नाही.

तेजपान

अमेरिकेच्या मास्टरशेफमध्ये २०१५ साली हेतल वसावडा नावाची शाकाहारी मुलगी होती. तिथे तिच्यासाठी वेगळी टोपली आली नाही, तिनं मांस शिजवलं आणि बरीच पुढेही गेली. मला तिचं कौतुक वाटतं. पण तिच्याकडे बोट दाखवून अरुणाबाईंना कमी लेखणं मला योग्य वाटत नाही. एकीला न खाता शिजवणं चालतं, दुसरीला शिवणंही चालत नाही. दोघी आपापल्या जागी खऱ्या आहेत.

दुसरं असं, की चव न बघता स्वयंपाक करायला लावणं हीसुद्धा विषम परीक्षा झाली. बाकीचे बोटावर घेऊन मीठ बघणार आणि एकजण अंदाजानं घालणार. आमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चव न घेता होतो, आजीचं मीठ कधी चुकलं नाही. पण आजी तेच वरण, तीच खीर पन्नास वर्षं करत होती. अनोळखी माशाचं मीठ कुणाला अंदाजानं जमेल?

झणझणीत

तुम्ही पनीरवर अडकलात. माझं दुखणं वेगळं आहे. सुवर्णाताईंना तिसरा क्रमांक का? एक मराठी बाई थेट शेवटच्या तिघांत पोहोचते आणि पहिले दोन्ही क्रमांक एकाच राज्याला? महाराष्ट्राचं जेवण म्हणजे वडापाव आणि मिसळ एवढंच या लोकांना वाटतं. खानदेशी वांग्याचं भरीत, वऱ्हाडी पाटवड्या, कोल्हापुरी तांबडा-पांढरा, सोलापूरची शेंगाचटणी ही नावं परीक्षकांच्या तोंडी किती वेळा आली? मला तर वाटतं सुवर्णाताईंच्या चवीला मिळायला हवी तेवढी दाद मिळालीच नाही.

डिगबोईकर

झणझणीत, तुमचा जिव्हाळा समजतो, पण आसामला बोल लावू नका. वडील तेल कंपनीत होते, माझं सगळं लहानपण डिगबोईत गेलं. डिगबोई तिनसुकिया जिल्ह्यातच आहे आणि नयनज्योतीही तिनसुकियाचाच. त्यामुळे त्या दिवशी मी टीव्हीसमोर रडलो, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या पदार्थांची नावं कमी घेतली गेली म्हणता. अहो, आसामच्या खाण्याचं नाव आजवर देशाच्या टीव्हीवर कुणी घेतलं होतं? खार हा शब्द किती जणांनी ऐकलाय? भीम केळ्याची साल उन्हात वाळवून जाळतात, त्या राखेतून पाणी गाळून घेतात, आणि त्या पाण्यात कच्ची पपई किंवा डाळ शिजवतात. दुपारच्या जेवणाला भाताबरोबर पहिला घास त्याचा. आंबट लागत नाही, तिखट लागत नाही, आपल्याकडे त्या चवीला नावच नाही. आमच्या आईला ते आवडायला चार वर्षं लागली, आणि नाशिकला परतल्यावर ती त्याचीच आठवण काढत बसायची.

नयनज्योती व्हिडिओ बघून शिकला. मुलानं स्वयंपाकघरात रमावं हे वडिलांना पसंत नव्हतं. असा मुलगा जिंकला तर तो कुणाचा वाटा हिसकावून नेत नाही. सुवर्णाताई तिसऱ्या आल्या, हजारोंतून तिसऱ्या. त्यांचा मान ‘तिसराच का’ म्हणून आपणच कमी करतोय.

झणझणीत

आसामबद्दल राग नाही हो. खार माहीत नव्हता, खरंच करून बघावासा वाटतोय. पण माझं मत बदललं नाही. सुवर्णाताई शेवटच्या फेरीत त्या दोघांपेक्षा कुठे कमी पडल्या ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मेतकूट

ते तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही, कारण आपण कुणीच चाखलेलं नाही. आपण रंग बघतो, रचना बघतो, परीक्षकांचे चेहरे बघतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये मलेशियाच्या एका स्पर्धक बाईंनी चिकन रेंदांग केलं. परीक्षक म्हणाले, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. रेंदांगमध्ये कोंबडी मसाल्यात आणि नारळाच्या दुधात रटरटून शिजवतात, ती कुरकुरीत नसतेच. सगळा मलेशिया खवळला, पंतप्रधानांपर्यंत गोष्ट गेली. तिथे प्रेक्षकांना चाखायची गरज नव्हती, कारण परीक्षकांची चूक बोलण्यातच होती. सातव्या पर्वात असं काही कानावर आल्याचं मला आठवत नाही. परीक्षक गरिमा अरोरा तर चवीचं कारण दिल्याशिवाय पुढे जात नव्हत्या, मला त्यांचं परीक्षण तिघा परीक्षकांत सर्वांत आवडलं.

माजघर

याच पर्वातल्या स्पर्धक उर्मिलाबेनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ७८ वर्षांच्या. तीन मुलं गमावलेली बाई, २०२० मध्ये नातवाच्या साथीनं लोणची आणि नाश्त्याचा धंदा उभा करते आणि मग ओट्यासमोर तासन् तास उभी राहते. त्यासुद्धा शाकाहारीच. त्यांच्याविषयी ‘सहानुभूतीवर टिकल्या’ असं बरंच वाचलं. माझी आई ७४ ची आहे. वीस मिनिटं उभी राहिली की गुडघा धरून खाली बसते. घड्याळ लावून त्या वयात काम करून दाखवणं हे माझ्या लेखी कसबच आहे. त्यांना मिळालेली टाळी दयेची नव्हती.

कोकमसार

माजघर, टाळीबद्दल दुमत नाही. पण टाळी वेगळी आणि गुण वेगळे. वयाचा मान आपण नमस्कार करून ठेवतो, ताटातल्या पदार्थाला वय नसतं.

रानजाई

सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. पाटावरवंटा यांचा प्रतिसाद ऐकून त्या विजयी मुद्रेनं चहा टाकायला गेल्या.

मी थोडी सरकले आहे, हे मान्य करते. जैन स्वयंपाक म्हणजे रोजची अडथळ्यांची शर्यत, हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. आणि तेजपान यांचं चव न बघण्याबद्दलचं म्हणणंही पटलं. तेव्हा ‘शून्य गुण घ्या’ हे मी मागे घेते. पण पनीर मागे घेत नाही. बदली जिन्नस द्यायचाच असेल तर तोही तितकाच धोक्याचा हवा. सुरण द्यायला हवा होता! नीट शिजला नाही तर घसा खाजतो, चूक लपत नाही.

पाटावरवंटा

ताई, सुरण कंद आहे. जैनांना चालत नाही.

रानजाई

अरे हो! मग तुम्हीच सांगा.

पाटावरवंटा

पनीर न देता दूध द्यायचं. दोन लिटर दूध, दोन लिंबं, आणि घड्याळ बाकीच्यांइतकंच. दूध नासवण्यापासून रसगुल्ल्यापर्यंत सगळं स्वतः. लिंबू जास्त पडलं तर छेना, म्हणजे नासलेल्या दुधाचा चोथा, कडक आणि आंबूस. पाणी नीट निथळलं नाही तर गोळे पाकात फुटतात. जास्त मळला तर तूप सुटतं, कमी मळला तर कणीदार राहतो. मी बंगाली मिठाईचा कारागीर आठ महिने ठेवून हे शिकलो आणि अजूनही पावसाळ्यात माझा एखादा घाणा बिघडतो. त्यात लपवायला काही जागा नसते, माशासारखंच.

उंधियू

हे मला मान्य आहे. आणि जमलं असतं तर अरुणाबाईंना कुणी नावं ठेवली नसती.

कोकमसार

मलाही मान्य. फक्त माझा बांगडासुद्धा अख्खा द्या मग, साफ केलेल्या तुकड्या नकोत.