विमा नसलेला चालक: नडलेला की निर्ढावलेला?

दुसरा गिअर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात लाल सिग्नलला थांबलो होतो आणि मागून एक गाडी येऊन आदळली. डिकी आत गेली, एक दिवा फुटला, माणसं मात्र सगळी धड. समोरचा उतरला तो हात जोडूनच. पॉलिसी मागितली तर त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि एकेक वस्तू सीटवर ठेवत गेला: टायरची पावती, चष्म्याची रिकामी डबी, लहान मुलाने काढलेलं गाडीचं चित्र. सगळ्यात खाली पॉलिसी. मुदत पाच महिन्यांपूर्वी संपलेली. हे त्याला आधीपासून माहीत होतं, शोधाशोध नुसती वेळ काढायला. "रिन्यू करायच्या महिन्यातच नोकरी गेली. पुढच्या महिन्यात भरू, पुढच्या महिन्यात भरू म्हणत राहिलो."

तेव्हा डोक्यात तिडीक गेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, या लोकांना आपण सरसकट बेपर्वा म्हणतो ते चुकतं. ओढाताण असली की माणूस आधी तो खर्च टाळतो ज्यावाचून आज काही अडत नाही. पेट्रोल नसेल तर गाडी हलत नाही. विमा नसला तरी ती सकाळी सुरू होते, अगदी कालच्यासारखी. त्यात विम्याची रीत अशी की ज्याच्या हातात पैसा नाही त्यालाच तो महाग पडतो. एकरकमी भरा, स्वस्त. महिन्याच्या हप्त्याने भरा, बऱ्याच ठिकाणी वर व्याज. मध्ये मोठा खंड पडला की दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षं साठवलेली नो क्लेम सवलत हातची जाते, मग परत यायचं तर आधीपेक्षा जास्त मोजा. एकदा बाहेर पडलेला बाहेरच राहतो यात नवल काय?

माझं म्हणणं एवढंच: नुसता दंड वाढवून हे सुटणार नाही. हप्त्यांचे आणि खंडाचे नियम बदलले तर बरंचसं सुटेल. हाणा आता.

काटेकोर

हाणतोच. पाच महिने पेट्रोलला पैसे होते ना?

दुसरा गिअर

होते. त्याशिवाय मुलाखतींना जाणार कसा?

काटेकोर

जायचं कसं हा त्याचा प्रश्न. गाडी चालवायला परवाना लागतो, म्हणजे तो जन्मसिद्ध हक्क नाही. टनभर लोखंड रस्त्यावर आणायचं आणि त्याने कुणाचा पाय मोडला तर भरून द्यायची ऐपत नाही, याला ओढाताण म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या जिवावरचा जुगार म्हणतात. बरं, एक सांगा. पोलिसांत कळवलंत का?

टेबलापलीकडून

मोटार क्लेमच्या टेबलावर बारा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. तुम्ही दोघं एकाच प्रकारच्या माणसावरून भांडताय, ज्याला आपला विमा संपलाय हे ठाऊक आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसायचं.

बँकेचं कार्ड बदललं, जुन्या कार्डावरून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर. सेकंडहँड गाडी घेतली आणि विकणाऱ्याची पॉलिसी आपल्याकडेही चालेल असं धरून चालले. ती किती दिवस चालते, चालते की नाही, हे देशागणिक वेगळं आहे, आणि ते विचारायचं असतं हेच लोकांच्या गावी नसतं.

सगळ्यात वाईट वाटायचं ते घरच्या गाडीवर पार्सलं पोचवणाऱ्यांचं. पॉलिसी खासगी वापराची. माणूस छाती ठोकून सांगतो, "साहेब, एक हप्ता चुकवलेला नाही, या पावत्या." बरोबर असतं त्याचं. पण पैसे घेऊन माल पोचवणं त्या पॉलिसीत बसत नाही. एकाने पावत्या टेबलावर तारखेप्रमाणे लावल्या होत्या, पत्ते मांडावेत तशा. मी वापराचं कलम दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग हे पैसे कशाचे घेत होतात?" उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तिसरा प्रकार आकडेमोड करणाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये विमा नसताना पकडलं तर जागेवरचा दंड ३०० पौंड आणि परवान्यावर शिक्षेचे ६ गुण. नवशिक्या तरुणाचा वर्षाचा प्रीमियम सहसा याच्या कितीतरी पट. हिशेब तो करणारच.

काटेकोर

तिथला हिशेब पुरा सांगा की. परवाना मिळून दोन वर्षं व्हायच्या आत ६ गुण झाले तर परवाना रद्द, परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पोलीस गाडी जप्त करू शकतात. म्हणजे आकडेमोडही अर्धवट. माझा मुद्दा हाच, की हे लोक आपल्या सोयीचा तेवढाच हिशेब करतात.

टेबलापलीकडून

हे मान्य. पण तोही कळतो पकडल्यावर.

शेवंती

मी सहसा नुसती वाचते, आज राहवलं नाही. माझ्या भावाला बिनविम्याच्या गाडीने उडवलं. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आम्ही दावा लावला, चार वर्षांनी जिंकलो. निकालाच्या कागदावर भरपाईची रक्कम आहे, खाली सही आहे, शिक्का आहे. वसूल काहीच झालं नाही. त्या माणसाच्या नावावर घर नाही, खात्यात पैसे नाहीत. गाडी होती ती भंगारात गेली.

तोही नडलेलाच होता, दुसरा गिअर. सुनावणीला चपला तुटलेल्या असायच्या त्याच्या. मला त्याची कीव यायची आणि त्या कीवेचा राग यायचा. पण भाऊ अजून जिना एका पायाने चढतो. तुमची डिकी आत गेली म्हणून तुम्हाला चित्र आणि चष्म्याची डबी दिसली.

दुसरा गिअर

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुनं दप्तर

शेवंतीताईंनी सांगितलं त्याच अनुभवातून सक्तीचा कायदा जन्माला आला. निकाल लागतो, वसुली होत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून विमा सक्तीचा केला, ब्रिटनने १९३० च्या कायद्याने. आणि सक्ती करूनही काही लोक विम्याविना राहणारच हे ब्रिटनने मान्य केलं: १९४६ मध्ये विमा कंपन्यांच्या पैशावर मोटर इन्शुरर्स ब्यूरो उभा राहिला, बिनविमा चालकाने इजा केलेल्यांना भरपाई देण्यासाठी. हा पैसा शेवटी विमा भरणाऱ्यांच्याच प्रीमियममधून येतो. म्हणजे काटेकोर यांच्या रागाला आधार आहे: न भरणाऱ्याचा भार भरणारा वाहतो. त्याने प्रीमियम वाढतो, आणि वाढला की काठावरचे आणखी काही गळतात.

अवांतर: व्हर्जिनिया राज्यात २०२४ च्या मध्यापर्यंत वर्षाला ५०० डॉलर भरून बिनविमा गाडी चालवायची रीतसर मुभा होती. त्या ५०० डॉलरमध्ये संरक्षण शून्य. न्यू हॅम्पशायरमध्ये तर बहुतेक चालकांना विम्याची सक्ती आजही नाही. नुकसान केलंत तर भरायची जबाबदारी तुमची, एवढंच.

रिकामी टाकी

एवढा खल कशाला? विमा पेट्रोलमध्ये घाला. जो टाकी भरेल तो आपोआप विमाधारक. कप्पाही उघडायला नको.

काटेकोर

सुंदर. म्हणजे तीस वर्षं ओरखडा न पाडणारा मी आणि दर महिन्याला कुंपणात घुसणारा माझा शेजारी, दोघांना लिटरमागे सारखाच भार. आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं काय?

जुनं दप्तर

करून पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेत रस्ता अपघात निधी इंधनावरच्या आकारणीतून चालतो. इजा झालेल्याला भरपाई मिळते, गाडीच्या नुकसानीला नाही. कल्पना रास्त, पण त्या निधीवर देण्यांचा डोंगर आहे आणि दावेदार वर्षानुवर्षं ताटकळतात. न्यूझीलंडने १९७४ पासून निराळी वाट धरली. अपघातात इजा झाली की चूक कुणाची हे न विचारता सरकारी योजना उपचाराचं बघते, बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा देते. मोटार अपघातांपुरता पैसा इंधन आणि गाडीच्या नोंदणीवरच्या आकारणीतून येतो. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी चालकावर दावा लावायचा हक्क जवळजवळ संपला. गाडीचा विमा तिथे ऐच्छिक आहे.

शेवंती

आम्हाला तसं चाललं असतं. दावा जिंकून काय मिळालं?

काटेकोर

ताई, तुमच्या बाबतीत मी गप्प बसतो. पण चूक करणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागू नये हे मला पटत नाही.

शेवंती

त्याने कुठे मोजली? मोजली ती भावाने.

रिकामी टाकी

+१. यापुढे लिहायला काही उरलं नाही.

काटेकोर

उरलंय. धागाकर्ते, दुसऱ्यांदा विचारतो. पोलिसांत कळवलंत का?

दुसरा गिअर

नाही. त्याने दोन भागांत पैसे देतो म्हटलं. पहिला भाग त्याच संध्याकाळी दिला. दुसरा कालपर्यंत यायचा होता. फोन वाजतो, तो उचलत नाही.

काटेकोर

हं.

टेबलापलीकडून

"हं" नंतर करा. दुसरा गिअर, तुमच्या स्वतःच्या कंपनीला अपघात कळवलात का? क्लेम करायचा नसला तरी कळवावं लागतं, बहुतेक पॉलिसींत तशी अट असते. उशीर झाला की आमच्यासारखे लोक तेच कलम काढून दाखवतात.

दुसरा गिअर

तेही नाही कळवलं.

टेबलापलीकडून

आज कळवा. पहिल्या भागाचे पैसे घेतलेत हेही सांगा, लपवू नका. फोटो असतील तर त्यावर तारीख दिसतेय का पाहा. त्याच्या गाडीचा नंबर तरी लिहून घेतलात ना?

दुसरा गिअर

घेतला. पेट्रोलच्या पावतीच्या मागे. शोधतोय.