अनुभव धागा: जुनी सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू रायफल घरात असलेल्यांनी (किंवा असलेल्यांच्या घरच्यांनी) लिहा

नौपाडाकर:
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. माळा रिकामा करताना तीन तुकड्यांत जोडायचा पितळी रॉड निघाला. हमाल म्हणतो, साहेब, पडद्याचा दिसतोय, भंगारात टाकू? पडद्याचा कसला, बाबांच्या रायफलची नळी साफ करायचा तो.

रायफल .22 बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक. बाबांनीही सेकंडहँडच घेतलेली. 1980 च्या दशकात बाहेरून शस्त्रं आणणं आवळलं गेलं, त्यानंतर परदेशी टू-टू हवी तर कोणाची तरी जुनी मिळवणं हाच मार्ग. रविवारी जेवणं झाली की दाराला कडी, जमिनीवर पेपर, आणि मग तासभर साफसफाई. रिमफायर काडतुसाची दारू पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत असतो, शिशाच्या गोळीला मेण लावलेलं. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे ढकलायचं कामही त्याच काडतुसाच्या धक्क्यावर, त्यामुळे निम्मी काजळी आत येते. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली साचलेला काळा लगदा बाबा आईच्या शिवणाच्या सुईने उकरून काढायचे. सुई परत डब्यात गेली की आईच्या पांढऱ्या ब्लाऊजवर काळा ठिपका, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघांचं बोलणं बंद.

बाबा गेल्यावर डीलरकडे जमा केली, पुढे रीतसर विकली. तुमच्याकडे आहे किंवा होती तर लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, माहीत आहे.)

घोडबंदर_जाम:
सासऱ्यांची रुगर 10/22 आहे. 1964 पासूनचं मॉडेल. 10 राऊंडचं गोल फिरकीचं मॅगझिन पोटात सपाट बसतं, बाहेर काही लोंबत नाही. एकच कटकट, रिसीव्हर (बोल्ट बसतो तो सांगाडा) मागून बंद, म्हणून रॉड नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो. तो कडेला घासत राहिला की तोंडाची धार बिघडते आणि गोळ्या पसरायला लागतात. आधीच्या मालकाने तेच केलेलं दिसतंय. मी दोरीच वापरतो. सिग्नल सुटला, बाकी नंतर.

कळव्याची_काकू:
दोरी काय, पुलथ्रू म्हणा! एनसीसीत होते मी. चिंदी अडकवायची आणि एका दमात ओढायची, मध्ये थांबलं की उस्ताद ओरडायचे. आमच्या मात्र बोल्टवाल्या होत्या, एकेक गोळी. सेमी-ऑटो कधी हातात आली नाही.

माजिवडा_७७:
नौपाडाकर, भाडं किती देतोय बिल्डर? आमच्याकडे अजून मीटिंगाच चालू.

नौपाडाकर:
व्यनि करतो.

खारघर_टेकडी:
मी घेताना काय बघितलं ते लिहितो. नळीत मागून टॉर्च मारला, सुदैवाने काळी रिंग नव्हती. रिंग दिसली तर समजायचं, कधीतरी गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली आहे आणि नळी तिथे फुगली आहे. मग चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी नख फिरवलं. वरच्या कडेला बारीकसा खळगा लागला. रिकामी रायफल खटाखट चालवायचा कोणालातरी नाद असणार, टू-टूमध्ये फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. त्यामुळे झाडलेली केस (काडतुसाचं पितळी टरफल) निघताना अडखळायची, पितळेवर दर वेळी त्याच जागी ओरखडा. गनस्मिथने कड सारखी करून दिली. किमतीत घासाघीस करायला तो खळगा भारी कामाला आला.

मी ठाण्याहून इकडे राहायला आलो. ठाणे आणि नवी मुंबई, दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं, म्हणजे पत्ता बदलला की लायसन्सची नोंदही इकडे आणायची. माणसं नीट बोलली सगळी. श्रीमंत झाला तो झेरॉक्सवाला.

ऐरोली_नाईटशिफ्ट:
माझी म्हातारी रेंजवर रुसायची. दोन राऊंड गेले की अडकायची, रिकामी केस खिडकीत उभी. स्प्रिंग बदलली, मॅगझिनचे ओठ सरळ केले, फरक शून्य. शेवटी एका जुन्या मेंबरने माझा काडतुसांचा खोका उलटा करून वाचला. मॅचची (नेमबाजी स्पर्धेची) काडतुसं, आवाजाच्या वेगाच्या जरा खालची. नेम झकास, पण बोल्ट पुरता मागे ढकलायला दम नाही. हाय व्हेलॉसिटी भरली आणि बाई सुतासारखी सरळ.

घोडबंदर_जाम:
@ऐरोली अगदी. आणि हाय व्हेलॉसिटीने नेम थोडा सैल पडतो, तेही सोसायचं.

कोपरीचा_मिलिंद:
2024 ला आधी लोकसभा, मग विधानसभा. दोन्ही वेळा निवडणुकीपुरती रायफल पोलिसांकडे जमा करायला सांगितलं. (रायफल असोसिएशनच्या खेळाडूंना सवलत असते, मी कसला खेळाडू.) परत मिळाली तेव्हा नळीवर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजून उमटलेला, रेषा न् रेषा मोजून घ्या. आता तक्रार द्यायची तर आरोपीचे ठसे हजर आहेत.

कळव्याची_काकू:
😂😂 मिलिंद!

वाशी_मिनी:
मालक आमचे हे, मी फक्त घरची. भिंतीत बोल्ट मारून तिजोरी बसवली आहे, त्यात रायफल आणि माझ्या पाटल्या. किल्ली अर्थातच लायसन्सवाल्यांकडे. कुठे लग्नाला जायचं तर माझ्याच पाटल्यांसाठी मी अर्ज करायचा! मागच्या लग्नात पाटल्यांना गन ऑइलचा वास, जाऊबाई विचारतात कुठलं अत्तर गं. कुकर झाला, येते.

खारघर_टेकडी:
वाशीताई, पाटल्यांचा अर्ज दोन प्रतींत करा.

पाचपाखाडी_आजोबा:
मुलांनो, वय 76. माझ्याकडे तीन शस्त्रं होती. 2019 च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीने मर्यादा तिनावरून दोनावर आली, तेव्हा बारा बोअरची बंदूक दिली, टू-टू ठेवली. पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक 70 चा झाला किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मरायची वाट बघावी लागत नाही. चिरंजीव मात्र म्हणतात, बाबा, मला ड्रोन घ्या. सूनबाई तयार आहे. तिचाच अर्ज करतोय.

माजिवडा_७७:
आजोबा, सूनबाईंना शुभेच्छा, चिरंजीवांना जास्त.

पनवेल_पालक:
जरा वेगळं. मुलगी दहा मीटर एअर रायफल करते. काकांची सेमी-ऑटो बघून मला वाटलं, पन्नास मीटरला हीच चालेल, तेवढाच खर्च वाचला. कोच हसले. स्पर्धेत एकेक गोळी हाताने भरायची रायफल लागते. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते याच .22 काडतुसावर, पण रायफलची जात वेगळी. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर. दहा मीटरला तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! नेमबाज सुमा शिरूरने 2004 ला 400 पैकी 400 कसे मारले असतील, विचार करून घाम फुटतो. शेवटी मुलीसाठी एअर रायफलच सेकंडहँड घेतली. .177 बोअरची आणि 20 जूल ताकदीच्या आतली असली की लायसन्स लागत नाही, माझ्यासारख्या कागदाला घाबरणाऱ्याला तेवढं पुरे. तिचं सील गळतंय, कोणी दुरुस्त करणारा माहीत आहे का?

ऐरोली_नाईटशिफ्ट:
स्प्रिंगवाली की सिलिंडरवाली? सिलिंडरवाली असेल तर घरी उघडू नका, प्रेशर असतं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते ती आधी बघा, मुदत संपली असेल तर सील बदलून उपयोग नाही.

कोपरीचा_मिलिंद:
पावसाळ्यात काय करता सगळे? खाडीची हवा, सकाळी कपाट उघडलं की ओल लागते हाताला.

घोडबंदर_जाम:
लेदरच्या कव्हरमध्ये ठेवू नकोस, चामडं ओल धरून ठेवतं. उघडी, तेलाचा पातळ हात मारून, सिलिका जेल शेजारी. रंग बदलला की जेल तव्यावर तापवून परत वापरायचं.

वाशी_मिनी:
तव्यावर?? कोणाच्या तव्यावर?