आयोडीन-131 : 20 दिवसांनी किती उरतं? आमच्या दोघींची उत्तरं जुळत नाहीयेत

रातराणी : आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर तिला 100 मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) आयोडीन-131, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन दिलं, काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, आता घरी आलीये. माझा मुलगा दोन वर्षांचा, सारखा आजी आजी करतो, म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. हाफ लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 8 दिवस. बारावीतली बहीण म्हणते 16 दिवसांनी 25, 24 दिवसांनी साडेबारा, मग 20 व्या दिवशी बरोब्बर मधलं, 18.75. मी 0.693 भागिले 8, गुणिले 20 केलं, 1.7325 आलं, मग मायनस लावून शिफ्ट आणि लॉग दाबलं तर 1.85 मिलिक्युरी येतंय. कुणाचं बरोबर?

घातांक : ताई, दोघींचंही नाही, पण बहीण जवळ आहे. तुमचं 1.7325 एकदम बरोबर, चुकलं ते बटण. लॉगवर शिफ्ट दाबलं की दहाचा घात निघतो, आपल्याला ई चा (2.718 या आकड्याचा) हवा, म्हणून शिफ्ट आणि एलएन दाबा, 0.1768 येईल, म्हणजे 17.7 मिलिक्युरी. बहिणीने 25 आणि 12.5 मध्ये सरळ रेघ ओढली, आलेख तसा उतरत नाही, आधी भराभर मग हळूहळू, त्यामुळे मधला आकडा सरासरीपेक्षा खालीच असतो. तिला सांगा, अर्ध्या हाफ लाइफला 2 ने नाही, वर्गमूळ 2 ने भागायचं. 25 भागिले 1.414, बघा तेच येतं.

गॅमाकाका : न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, हे 17.7 डबीत बंद ठेवलेल्या गोळीचं झालं. आईंच्या शरीरातून बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. त्यासाठी दोन्ही हाफ लाइफचा, आयोडीनचं स्वतःचं 8 दिवस आणि शरीर निम्मं बाहेर टाकायला घेतं ते, गुणाकार भागिले बेरीज करायची. समजा शरीर 2 दिवसांत निम्मं बाहेर टाकतंय, तर 16 भागिले 10, म्हणजे शरीरातलं निम्मं व्हायला 1.6 दिवस. थायरॉइडचा थोडा भाग राहिला असेल तर तिथलं मात्र जास्त दिवस टिकतं, म्हणून हा नुसता अंदाज. सोडताना मीटरने रीडिंग घेतलं असेल, ते कार्डावर असतं. बाळाला कडेवर कधी घ्यायचं ते कार्ड दाखवून त्याच डॉक्टरांना विचारा, आपल्या हिशोबावर ठरवू नका.

रातराणी : एलएन दाबलं, 17.68 आलं!! बहीण वर्गमूळ घेऊन बसलीये. काका, कार्ड फाइलमध्येच होतं, उद्या सकाळी फोन करते, तोवर आजी-नातू व्हिडिओ कॉलवर, एक या खोलीत एक त्या खोलीत.