चार जुन्या गाड्या घेऊन पुण्याला येतोय : शहरात राहावं की बाहेर?

मिरजवेस
जूनपासून हिंजवडीत रुजू व्हायचंय. बायकोची बदलीही पुण्यातच झाली, मुलगी आठवीत जाईल. म्हणजे सांगलीचं घर यापुढे गणपती-दिवाळीपुरतं. घराचं काही नाही, प्रश्न अंगणाचा आहे. तिथे वडिलांची १९६९ ची फियाट डिलाइट, १९८६ ची मारुती ८००, १९८९ ची कॉन्टेसा आणि एक डिझेल महिंद्रा जीप अशा चार गाड्या आहेत. चारही चालू, चारहींचे कागद स्वच्छ. रोजची वॅगनआर वेगळी.

माझं मत ठरलेलं आहे, ते आधीच सांगतो. हिंजवडी-बाणेरकडे दोन बीएचके आणि त्यासोबत एक पार्किंग एवढ्यासाठी आयुष्यभराची पुंजी घालण्यापेक्षा पंचवीस-तीस किलोमीटर बाहेर पाच-सहा गुंठे एनए (बिनशेती) प्लॉट घ्यावा, बैठं घर बांधावं आणि बाजूला लांब शेड काढावी. पिरंगुटच्या पुढे किंवा सासवडकडे, अशा दोन जागा डोक्यात आहेत. सगळे नातेवाईक 'एक ठेव, तीन विक' म्हणतात. मला पटत नाही. तुम्ही पटवून दाखवा.

(एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि फियाटचं इंजिन १०८९ सीसी. याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं, पण बरं वाटतं.)

शनिपारावरून
पटवायचं कशाला, सरळ सांगतो. तीन विका.

तुम्ही प्लॉटचा हिशोब गाड्यांच्या सोयीने केलाय. माणसांचा हिशोब दिसत नाही. पिरंगुटहून हिंजवडी नकाशावर जवळ दिसतं. एकदा सकाळी साडेआठला निघून बघा. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला, त्याने चौक सुटला. चौकापर्यंत पोचायचं काम तुमचं तुम्हालाच करायचंय. सासवडहून हिंजवडी तर विषयच नको. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणार, मध्ये दिवे घाट, हडपसर. आणि हे सगळं कशासाठी, तर रविवारी कॉन्टेसा धुवायला मिळावी म्हणून. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते बऱ्याचदा घरातले बाकीचे लोक भरतात.

चोक ओढून
@शनिपारावरून, अहो, पेठेत राहून 'गाड्या विका' म्हणणं सोपं आहे. तुमच्याकडे स्कूटर लावायलाही शेजाऱ्याशी तह करावा लागतो.

मिरजवेस, गाड्या ठेवा, पण पिरंगुटच्या पुढे नको. कारण वाहतूक नाही, पाऊस. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. पौड, मुळशीकडे जसजसे पश्चिमेला सरकाल तसतसा तो वाढत जातो. सांगली कोरडी, तिथे तुमच्या गाड्यांच्या पत्र्याने असा पाऊस पाहिलेला नाही. मुळशीत जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे हवेतली ओल हटत नाही. शेड असो नाहीतर नसो, गंज वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा खालून आणि आतून येतो. फियाटच्या मडगार्डमध्ये हेडलाइटच्या मागे जो कोपरा आहे, तिथे वर्षानुवर्षं चिखल बसलेला असतो. बोट घालून बघा. तो चिखल ओला राहिला की दोन पावसाळ्यांत बाहेरून रंगाला फोड दिसतात, आणि फोड दिसला म्हणजे आतला पत्रा गेलेलाच असतो.

सासवडची
मी या बाजूला राहते म्हणून लिहिते. हवा कोरडी हे खरं, लोखंडाला चांगलं आहे. पण उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि दादा, तुम्ही गाड्या धुवायच्या गोष्टी करताय.

दुसरं म्हणजे प्लॉट घेताना नकाशा नीट बघा. पुरंदर विमानतळासाठी पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं आहेत. आसपास 'विमानतळापासून दहा मिनिटं' म्हणून कसलेही तुकडे विकले जातात. सातबारावर शेती असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर ती जमीन तुम्हाला घेताच येत नाही. एनएचा कागद हातात घ्या, 'होणार आहे' यावर पैसे देऊ नका.

आणि एक विचारू का? या सगळ्यात वहिनींचं ऑफिस कुठे आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

मिरजवेस
@सासवडची, शिवाजीनगर. ताई, तुमचा मुद्दा पोचला.

@चोक ओढून, पावसाचं मान्य. पण मग कोरडी बाजू पूर्वेला आणि नोकरी पश्चिमेला. यावर उत्तर?

तिसरा मजला लिफ्ट बंद
उत्तर सोपं आहे. घर बाणेर-बालेवाडीला भाड्याने, गाड्या बाहेर कुठेतरी शेड भाड्याने घेऊन. महिन्यातून दोनदा जायचं, फेरी मारायची. माझे दोन मित्र असंच करतात. घर आणि गाड्या एकाच जागी हव्यात हा हट्ट कशाला?

चोक ओढून
हट्ट नाही, ती अटच आहे. माझ्या काकांनी हेच केलं. कॉन्टेसा पौडजवळच्या एका शेडमध्ये ठेवली, महिन्यातून दोनदा जायचं ठरलं. मग पावसाळा आला, मग काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग लग्नसराई. पुढच्या वर्षी मी त्यांच्यासोबत गेलो. बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, सीटमधल्या काथ्याचं आणि वायरिंगवरच्या प्लास्टिकचं. हॅंडब्रेक ओढून ठेवला होता, त्यामुळे मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटलेले. ढकलली तर पुढची चाकं फिरायची, मागची जमिनीवर घासत यायची. ड्रमवर कडेकडेने हातोडी मारत दुपार गेली. वर झाकायला निळी ताडपत्री होती, तिच्या आत पाणी सुटून छतावर नकाशा उमटलेला. शेडवाल्याची काही चूक नाही, तो भाडं घेत होता, गाडी राखायचं काम त्याने घेतलंच नव्हतं.

जुनी गाडी चालवून कमी मरते, उभी राहून जास्त मरते. संध्याकाळी चहा घेऊन जिच्यापाशी जाता येत नाही, ती गाडी तुमची राहत नाही. म्हणून म्हणतो, घर आणि शेड एकाच कुंपणात. नाहीतर शनिपारावरून म्हणतात तसं विकून टाका, निदान कुणीतरी चालवेल.

शनिपारावरून
चला, एक मत फिरलं.

कागदपत्र
भावनेचं झालं असेल तर खर्चाचं बोलू.

१) सांगलीहून पुण्याला येताना पुनर्नोंदणी लागत नाही, राज्य एकच आहे. पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. जुने तीन अक्षरी नंबर तसेच राहतात.
२) खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला ही फी दहा हजार झाली आहे. मुदत चुकली तर महिन्याला पाचशे दंड.
३) राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे चार गाड्यांची नुसती नूतनीकरण फी पाच वर्षांना चाळीस हजार. महिन्याला सातशे रुपयेही पडत नाहीत. विमा, पीयूसी धरूनसुद्धा शेडच्या भाड्यापुढे हे किरकोळ आहे. तेव्हा 'सरकार परवडू देत नाही' हे कारण कुणी देऊ नये. परवडत नाही ती जागा.

वडगावशेरी ते वारजे
फियाट पन्नाशी ओलांडलेली आहे ना? मग व्हिंटेजमध्ये नोंदवा, विषय संपला. जुना नंबर तसाच राहतो, रुबाब वेगळाच.

कागदपत्र
अजिबात नको. २०२१ च्या नियमांत ती सोय आहे, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. ज्यांना शोभेची ठेवायची त्यांच्यासाठी ठीक आहे. यांना वडिलांच्या फियाटमधून भाजी आणायची असेल तर साधी नोंदणी चालू आहे, तीच जपा.

धूर
मला एक कळत नाही, सगळे जागेवर भांडताहेत, हवेवर कुणीच बोलत नाही. कार्ब्युरेटरच्या तीन गाड्या आणि एक जुनं डिझेल, ना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ना काही. सिंहगड रोडला अशा गाडीच्या मागे दुचाकीवर अडकून बघा. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल आणि दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी उगाच आली का? वारसा म्हणून गोंजारायचं आणि नाक दुसऱ्याचं.

मिरजवेस
@धूर, प्रश्न रास्त आहे. चारही गाड्या मिळून वर्षाला जेवढ्या चालतात त्याच्या कितीतरी पट माझी वॅगनआर चालते. तरी जीपच्या बाबतीत तुमचं ऐकून घेतो, ती चढावर खरंच काळं फेकते. पंप आणि नोझल करून घेणार आहे.

टपरीवरचा मेकॅनिक
मी काम करतो म्हणून दोन शब्द. धुरापेक्षा आता पेट्रोलचा त्रास जास्त आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. फियाट, कॉन्टेसाचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम तपासा, आणि इथेनॉलला चालणारे पाइप घाला. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत तळाला पाणी बसतं, टाकी आतून गंजते. म्हणून अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. पंधरा दिवसांतून एकदा तरी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. जागेवर चालू करून दहा मिनिटांत बंद करणं सगळ्यात वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. उभी करताना हॅंडब्रेक नको, चाकाला लाकडी ठोकळा. झाकायला सुती कापड.

स्पेअरसाठी पुणं चांगलं. नाना पेठेत बरंच मिळतं, बुधवार-रविवार जुना बाजार असतो. सांगलीपेक्षा इथे तुमच्या गाड्या खुश राहतील, हे कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

सासवडची
मेकॅनिकदादांची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची.

तिसरा मजला लिफ्ट बंद
मग मधला मार्ग सुचवतो. उत्तरेला या. मोशी, चऱ्होली, आळंदी बाजू. पाऊस मुळशीपेक्षा खूपच कमी, हिंजवडी आवाक्यात, वहिनींना पिंपरीहून मेट्रोने थेट शिवाजीनगर. रो-हाउस किंवा लहान बंगला मिळाला तर बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात दोन गाड्या मागे-पुढे बसतात.

कागदपत्र
फक्त तिथे कुणी स्वस्तात शेड देऊ केली तर परवानगीचा कागद आधी मागा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत महापालिकेने शेडच्या शेडी जमीनदोस्त केल्या, अनधिकृत म्हणून. भाडेकरूचं सामान आत आहे की नाही हे बुलडोझर विचारत नाही.

शनिपारावरून
दोन गाड्या बसतात म्हणालात. चार नव्हेत. मी पहिल्यापासून काय सांगत होतो?

चोक ओढून
तुम्ही तीन विका म्हणत होतात. दोन बसताहेत, म्हणजे बरोबरी.

मिरजवेस
रविवारी मोशीकडची दोन रो-हाउस बघून येतोय, बायको आणि मुलगी बरोबर आहेत. एकात बाजूला अकरा फूट रुंद पट्टा आहे म्हणतात, टेप घेऊन जातो. फियाट आणि मारुती येणार हे नक्की. जीप सांगलीत भाऊ वापरेल, शेतावर तिला काम आहे आणि ती रोज चालेल. कॉन्टेसाचं मन होत नाही, पण साडेचार मीटरच्या वर लांब आहे बाई.

शनिपारावरून
कॉन्टेसा द्यायची झाली तर किंमत कळवा. मला नको, मेहुण्याला हवी आहे.

मिरजवेस
त्यांच्याकडे जागा आहे का?