सुगम्य, सुलभ की सुसंगत?

यावल : केळीच्या रोजच्या भावाचं वेबपान आमचा शेतकरी गट बनवून घेतोय. कराराचा मसुदा मराठीत आहे. त्यात ‘ॲक्सेसिबल’ला काय लिहावं? एक जण म्हणतो सुलभ, सरकारी कागदात सुगम्य दिसतं, आणि पान बनवणारा पोरगा म्हणतो ‘सुसंगत’ लिहा, त्यात सगळं आलं.

धुळे : नाही येत, भाऊ. पोराच्या सोयीचं तेवढं आहे. सुसंगत म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी, कशातही उघडा, पान चालतं. सुगम्य म्हणजे ज्याला दिसत नाही, ज्याचा हात माउसवर ठरत नाही, त्यालाही ते वापरता येतं. ‘भाव पाहा’ हे बटण साध्या डिव्हला, म्हणजे कोडातल्या नुसत्या चौकटीला, रंग फासून केलं, तर माउसने सगळीकडे चालेल. झालं सुसंगत! पण कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत गेलात तर एकाही ब्राउझरात निवड त्या बटणावर थांबणार नाही. खरा बटन टॅग वापरला की ते काम ब्राउझर आपणहून करतो.

अमळनेर : सुलभ नको. लभ् म्हणजे मिळणे, म्हणून सुलभ हप्ते. (स्टँडवर ‘सुलभ कुठंय’ विचारलं की लोक कुठे बोट दाखवतात ते सोडा.) गम् म्हणजे जाणे, गम्य म्हणजे पोचण्याजोगं. नुसतं सुगम लिहिलं तर सुगम संगीतासारखं हलकंफुलकं वाटतं, म्हणून शेवटचा ‘य’ हवाच. २०१५ साली सुगम्य भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून शब्द कानावरही आहे. आमची आई अहिराणीत म्हणेल, ‘बठ्ठासले वाचता येवाले पाहिजे’, म्हणजे सगळ्यांना वाचता यायला पाहिजे. मला करारात हेच आवडलं असतं, पण वकील कुठला मानतो.

शहादा : आईंच्या ‘वाचता’वर मी अडलो. मी पान ऐकतो. मोबाइलवर टॉकबॅक, घरी संगणकावर एनव्हीडीए, दोन्ही पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर. भावाचा तक्ता फोटो काढून चढवला की मला ‘चित्र’ एवढंच ऐकू येतं. करारात ‘पर्यायी मजकूर द्यावा’, म्हणजे चित्राऐवजी ऐकवायचे शब्द द्यावेत, असं लिहाल, तर कुणी ‘भावाचा तक्ता’ एवढंच टाकून मोकळा होईल. आकडे खऱ्या तक्त्यातच हवेत, रकान्यांच्या मथळ्यांसकट, म्हणजे कुठला आकडा रावेरचा नि कुठला बऱ्हाणपूरचा ते कळतं. चढला भाव हिरवा, उतरला लाल, एवढ्यावरही भागवू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, पुरुषांत जास्त. आणि कोडात पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. ती इंग्रजी राहिली तर इंग्रजी आवाज देवनागरीची वाट लावतो.

जळगाव : शब्द दोन असले तरी कामात ते एकमेकांत गुंततात. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, रुळण्याआधी मराठी पानं ज्याच्या त्याच्या फॉन्टात असायची. काहींचा फॉन्ट आपोआप उतरायचा तो फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. इतरांत रोमन अक्षरांचा गाळ दिसे, आणि स्क्रीन रीडरला तर एक्स्प्लोररमध्येही गाळच ऐकू येई. आजही तसं घडतं. यादीचे ठिपके सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडाने, काढले, की सफारीत ॲपलचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर बऱ्याचदा ती यादी आहे हे सांगतच नाही. कोडात चूक नसते, दिसायलाही सगळं ठीक.

यावल : मग अशी ओळ घालतो : ‘पान क्रोम, फायरफॉक्स, सफारी व एज यांत सारखे दिसावे आणि सुगम्य असावे.’

धुळे : ‘सारखे दिसावे’ काढा. एखाद्या ब्राउझरात चौकटीचे कोपरे गोल आले नाहीत म्हणून केळीचा भाव बदलत नाही, पोरगा मात्र त्यातच आठवडा घालवेल. ‘चालावे’ लिहा. सुगम्यपुढे ‘डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए’ जोडा, ती सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीची २०२३ ची आवृत्ती आहे, एए ही तिच्यातली मधली पातळी. नाहीतर बिलाच्या वेळी सुगम्य कशाला म्हणायचं यावरून जुंपेल. शिवाय माउस काढून ठेवून नुसत्या कीबोर्डवर पान चालवून दाखवायची अट घाला.

शहादा : टॉकबॅकवर ऐकवायचीही. लिंक पाठवा, बिल द्यायच्या आधी.