घरासाठी वर्षभराचे संकल्प: यादी लांबली आहे, काय ठेवू आणि काय काढू?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्ष सुरू झालं की मी घरासाठी यादी करते. यंदाची वही उघडल्यावर नवऱ्याने विचारलं, "ही यादी आहे की जाहीरनामा?" म्हणून इथे टाकतेय.

माळा रिकामा करणे. दर रविवारी एक कपाट आवरणे. घरात प्लॅस्टिक बंद. हवा शुद्ध राहावी म्हणून पंचवीस कुंड्या. ओल्या कचऱ्याचं खत. विजेचं बिल कमी करणे. आणि शेवटी "सुरक्षितता" असा मथळा, ज्याखाली काहीच लिहिलेलं नाही, कारण काय लिहायचं तेच सुचेना.

इमारत जुनी आहे. घरात आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मला रविवारचा तास-दीड तास मिळतो, त्यापलीकडे नाही. यातलं आधी काय धरू?

---

फेज_न्यूट्रल

ताई, तुमचा रिकामा मथळाच सगळ्यात वर घ्या. आयुष्यभर इमारतींच्या वीजदुरुस्तीची कामं केली, त्यामुळे माझी नजर आधी मीटरच्या पेटीकडेच जाते, हे मान्य. पण दुसरंही कारण आहे. कपाट आवरलं तरी महिन्याने पुन्हा भरतं. सुरक्षिततेची बरीच कामं मात्र एकदा केली की वर्षानुवर्षं पुरतात. तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणजे तो तिथेच घालायचा.

पेटीत 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला एक स्विच असेल. त्याला कोणी ईएलसीबी म्हणतं, कोणी आरसीसीबी. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. हा असतो माणसाला झटका बसू लागला तर वीज तोडण्यासाठी. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की त्याने पडायला हवं. टेस्टचं बटण दाबा. स्विच खाली पडून वीज गेली तर ठीक, पुन्हा वर करा. (संगणक आधी बंद करा, नाहीतर घरात वेगळाच स्फोट होईल.) बटणाने पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं मात्र समजू नका. ते बटण फक्त त्या यंत्राची परीक्षा घेतं; अर्थिंग वायरमनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं.

मग एक्स्टेंशन बोर्ड. त्यावर मोबाइल, दिवा, राउटर चालेल. इस्त्री, हीटर, गीझर नाही. हिशेब सोपा आहे: २००० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतं आणि आपले साधे बोर्ड ६ अँपिअरचे असतात. पिन काढल्यावर हाताला गरम लागत असेल, तर काय चाललंय ते तुम्हाला तिथेच कळेल.

गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. ती वाचून वहीत लिहा, "नळी तपासणे" असं लिहू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ असू दे.

मुलासाठी दोन गोष्टी आजच करा. रिमोट आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या स्क्रूच्या झाकणाआड आहेत का बघा. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत भाजायला सुरुवात होऊ शकते. ती डॉक्टरकडे धावायची वेळ असते, वाट बघायची नव्हे. आणि उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडा, पोरं खण उघडून पायऱ्या करतात. न्हाणीघरात बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजू शकतं, लहान मुलांची आणि वयस्कर माणसांची तर त्याआधीच.

बिलाऐवजी युनिट लिहा. दर बदलले की बिल फसवतं. रात्री सगळं बंद करून, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं, मीटरचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर काहीतरी चालूच आहे. १० वॅट ओढणारं यंत्र वर्षभर चालू राहिलं तरी ८७.६ युनिट जातात.

---

माळ्यावरचा

फेजदादांशी सहमत, पण आवराआवर इतकी हलक्यात काढू नका. सासूबाईंचा पलंग ते संडास हा रस्ता घ्या. त्यावर जे काही जमिनीवर आहे, सरकणारी पायपुसणी, वायर, चपला, मुलाची गाडी, ते सगळं उचलायचं आणि तिथे पुन्हा काही ठेवायचं नाही. रस्त्यात रात्रीचा मंद दिवा. संडासात धरायला दांडा, भिंतीत स्क्रूने बसवलेला. रबराने चिकटणारा नको, तो नेमका जोर दिला की सुटतो. यात नीटनेटकेपणा आणि सुरक्षितता दोन्ही आलं. माळा राहू द्या. वर पडलेलं खोकं कुणाला आडवं येत नाही.

"दर रविवारी एक कपाट" खोडून टाका. घरात येणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवा. नवीन डबा आला की जुना एक बाहेर. आमच्याकडे दाराशी एक पिशवी असते, द्यायच्या वस्तू तिच्यात पडतात. भरली की जाते. आईचा नियम होता, जिचं झाकण सापडत नाही ती बरणी नाही. कठोर होती, पण घर रिकामं असायचं.

---

पानगळ

पंचवीस कुंड्यांबद्दल. झाडं लावा, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून लावा. हवा शुद्ध होईल म्हणून नको. ती समजूत नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून पसरली, पण तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. खिडकी उघडी असलेल्या घरात जी हवा आत-बाहेर होते, तिच्यापुढे कुंड्यांचं काम नगण्य आहे. शिवाय पंचवीस कुंड्यांना पाणी कोण घालणार? चार लावा आणि खिडकी उघडा.

खत करा, पण एकाच डब्यापासून. सगळे फसतात ते कोरड्या मालाच्या बाबतीत. एक वाटा ओला कचरा, त्यावर दोन-तीन वाटे सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा, आणि आठवड्यातून एकदा हलवणं. वास आला म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. आणखी सुकी पानं घाला. म्हणून आधी पानांचं पोतं भरून ठेवा, डबा नंतर आणा. हल्ली डबाच आधी येतो, छान रंगाचा!

"प्लॅस्टिक बंद" एवढं मोठं वाक्य लिहू नका. घरात आहे ते झिजेपर्यंत वापरा. चांगला डबा फेकून काचेचा आणण्यात काही हिरवं नाही. त्यापेक्षा नळ. रात्री दहाला गळत्या नळाखाली भांडं लावा, सकाळी सहाला मोजा. दोन लिटर निघालं तर दिवसाला सहा, वर्षाला २१९०. वॉशर बदलायला किती वेळ लागतो? आणि फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून पंधरा मिनिटं थांबा. पाणी न सोडता भांड्यात रंग उतरला, तर आतून गळतंय.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. माळा, पंचवीस कुंड्या आणि रविवारची कपाटं खोडली. नवरा खूश. रस्ता मोकळा केला, मुलाच्या गाड्यांना आता पलंगाखाली गॅरेज आहे. सासूबाई दांड्याला आधी नको म्हणाल्या, "मी काय म्हातारी झालेय?" मग मी म्हटलं, तो मुलासाठी आहे. आता त्याच धरतात.

पण फेजदादा, ते टेस्टचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तीनदा दाबलं. घरात वीज होती. आता?

---

फेज_न्यूट्रल

मग तो स्विच शोभेचा आहे, ताई. वायरमनला लगेच बोलवा, आणि तोवर गीझर आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा. ओल्या हाताने कुठलंच बटण नको.

नवीन आणताना "ईएलसीबी द्या" एवढंच म्हणू नका, ३० मिलिअँपिअरचा सांगा. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीच्या धोक्यासाठी; माणसासाठी त्यांचा उपयोग नाही. आला आहे तर अर्थिंगही त्याच्याकडून मोजून घ्या, नुसतं "ठीक आहे" ऐकून घेऊ नका, आकडा विचारून वहीत लिहा. आणि बसवून झाला की त्याच्यासमोर बटण दाबा. पडला तरच पैसे द्या.