दौऱ्यावरच्या नाटकांना राज्याने करपरतावा द्यावा का?

तिसरी_घंटा
माझं मत: द्यावा. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला २०१८पासून जीएसटी माफ आहे. पण तिकिटावर कर नाही म्हणून जाहिरातीवर, नाट्यगृहाच्या भाड्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, तो निर्मात्याच्या अंगावर पडतो. दौरा काढणाऱ्याला राज्याने निदान आपला वाटा परत करावा. ब्रिटनने २०१४ साली नाटकांना करसवलत दिली तेव्हा एका जागी चालणाऱ्या नाटकाला २० टक्के आणि दौऱ्याला २५ टक्के दर ठेवला. अट काय, तर सहा ठिकाणी प्रयोग, किंवा किमान दोन ठिकाणी मिळून चौदा. तोट्यातल्या निर्मात्यालाही रोख रक्कम मिळते. फिरणाऱ्याला जास्त, हे मला फार पटतं.

विंगेतला
साफ विरोध. मी बारा वर्षं नेपथ्य लावतोय. मराठवाड्यातल्या एका नाट्यगृहाचं मागचं दार इतकं अरुंद, की दिवाणखान्याचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, आत जाईनात. तिथेच करवतीने कापले आणि प्रयोग संपल्यावर पट्ट्या ठोकून पुढच्या गावासाठी सांधले. मेकअप रूममध्ये पाणी नव्हतं. परतावा दिलात म्हणून ते दार रुंद होणार आहे का? पैसा आधी नाट्यगृहांवर घाला.

वऱ्हाडी_प्रेक्षक
दादा, दार रुंद होईपर्यंत थांबलो तर आमची पोरं नाटक न बघताच मोठी होतील. पण तिसरी_घंटा, तुमचा हिशेबही अपुरा आहे. नागपूरला यायचं तर एकटा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटर. बस, टेम्पो, डिझेल, टोल, खरा खर्च तिथे. आणि डिझेल जीएसटीत येतच नाही! म्हणजे सगळ्यात मोठ्या खर्चावर तुमचा परतावा शून्य. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्या, तीही प्रयोग झाल्यावर, तिकीटविक्री बघून.

तिसरी_घंटा
डिझेलचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. अंतरावर मदत द्यावी आणि ठाणे-पुणे-नाशिक त्यातून सरळ वगळावं. तिथे नाटक तसंही पोचतं.

विंगेतला
अंतरावर द्या, माझी ना नाही. पण रक्कम निर्मात्याच्या खात्यात जमा होणार. दौऱ्यात आम्ही रात्रभर बसमध्ये बसून सकाळी उतरतो ते थेट सेट लावायला. त्या प्रवासाच्या दिवसाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, आम्हाला मिळालीच पाहिजे, ही अट आदेशातच घाला.